कुटुंब नावाचा ठोकळा

लोरेटा प्रूइटने ‘कुटुंब’ बनवलं तेव्हा आम्ही ऑफिसात केक कापला होता. वादळ येणार म्हटल्यावर गाव कसं रिकामं होईल, ते कॉम्प्युटरवर आधीच बघायचं, हे आमचं काम. पूर्वी प्रत्येक गावाचं मॉडेल पहिल्यापासून रचावं लागे. लोरेटाने त्याचे ठोकळे केले. रस्ता, पूल, शाळा, कुटुंब. उचला, जोडा, चालवा. वादळी किनाऱ्याजवळच्या आमच्या बॅटन रूजमध्ये बसून बाईने अख्ख्या देशाची डोकेदुखी कमी केली, असं आम्ही गावभर सांगत सुटलो होतो.

मोंटानातल्या टॅमरॅक फोर्कचा आपत्ती अधिकारी गस अमंडसन तर तिचा भक्तच. वणव्यासाठी त्याने तिच्याच ठोकळ्यांचं मॉडेल स्वतः जोडलं. गाव डोंगरात, रस्ता एकच, शाळा वरच्या टोकाला. मॉडेल म्हणालं, दोन्ही लेन खाली यायला द्या, गाव वेळेत बाहेर पडतं.

सप्टेंबरातल्या एका दुपारी टीव्हीवर त्या गावामागे धूर दिसला. लोरेटाने काळजीपोटी गसचं मॉडेल उघडलं आणि तिचा चेहराच उतरला. मॉडेलमधल्या शाळेत एकही मूल नव्हतं. आमच्याकडे वादळाच्या आदल्या दिवशीच शाळा बंद होतात, त्यामुळे तिचं ‘कुटुंब’ कायम घरी, सगळं एकत्र, गाडीत बसायला तयार. वणवा काही आधी सुट्टी देऊन येत नाही.

तिने स्पीकरवर फोन लावला. “गस, एक लेन वर जायला मोकळी ठेव! आईबाप पोरांना आणायला वर जाणार.”

“अगं, पोरं बसने निघाली. शाळेमागच्या जंगलातल्या कच्च्या वाटेने पलीकडे उतरतील.”

“हे आईबापांना ठाऊक आहे?”

“मेसेज टाकलाय.”

“मेसेज वाचून आई गप्प बसते होय रे? तुझी बायको बसली असती?”

“घाबरून ऐनवेळी बेत बदलू नका, हे तूच शिकवलंस ना? तुझ्याच मॉडेलवर चाललोय, बाई. आता लेन फिरवली तर सगळा विचका होईल. ठेवतो.”

पुन्हा फोन लागला नाही. मला त्या माणसाचा भयंकर राग आला. अजूनही येतो, पण त्याचं काय चुकलं ते धड सांगता येत नाही.

आईबाप वर गेलेच. खाली येणाऱ्या गाड्यांसमोर त्यांच्या गाड्या आल्या, रस्ता तुंबला, आणि आग तिथवर पोचली.

विमान मिळताच लोरेटा निघाली, सोबत मी. डोंगरापलीकडच्या खोऱ्यातल्या चर्चच्या हॉलमध्ये मुलं दप्तरं घेऊन बसली होती. एकालाही खरचटलं नव्हतं. घरचं माणूस आल्याशिवाय मूल सोडायचं नाही, म्हणून दाराशी एक शिक्षिका उभी होती. बरीच मुलं अजून तिथेच होती.

आम्ही आत शिरलो तशी एक मुलगी पटकन उठली आणि आम्हाला पाहून परत बसली. लोरेटा तिच्याजवळ गेली.

“तुला न्यायला कोण येणार, बाळ?”

“आई. ती मला आणायला वर शाळेत गेलीय,” मुलगी म्हणाली. “मी इथे आहे, असं तिला कोणीतरी सांगा ना.”