हात न लावता

नवरा गेल्यावर ताई धाकट्या भावाकडे राहायला आली. उभा जन्म रुग्णालयात आयाचं काम केलेली बाई; रिकामं बसणं तिला मानवेना. भावाचा म्हशींचा गोठा घराला लागूनच होता. दुसऱ्याच दिवशी बाह्या वर सारून ती शेण ओढायला उभी राहिली.

"ताई, पाहुणी आहेस, बस की," भाऊ म्हणाला.

"सोन्या, पाहुणी चार दिवसांची असते. मी काही एवढ्यात जात नाही."

पन्नाशीच्या, मिशा पिकलेल्या माणसाला ती अजून सोन्याच म्हणायची आणि दुधाला आलेल्या गिऱ्हाइकांपुढे तो ओशाळायचा. माणूस खरंच मऊ होता. थंडीत म्हशींची कास धुवायला पाणी कोमट करून घ्यायचा. एखादी आजारी पडली की स्वतःची खाट गोठ्यात टाकायचा. त्यानं कधी जनावरावर काठी उगारली नव्हती. घरात अंडंसुद्धा येत नसे. "आपल्याकडे जीव घेतला जात नाही," हे तो अभिमानानं सांगायचा आणि त्यात तसूभर खोटं नव्हतं.

मग एक म्हैस व्याली. रेडकू झालं, नर. ओलंचिंब, काळंभोर, उभं राहताना चारही पाय चार दिशांना जाणारं. ताई हरखून गेली. भावानं मात्र नर आहे एवढं पाहिलं आणि तो बादली आणायला गेला.

म्हशीला पान्हा फुटावा म्हणून तो रेडकाला कासेला लावायचा आणि दोन-चार घोट गेले न गेले तोच मागे ओढायचा. पुढं म्हैस भिजवलेल्या पेंडीचं आंबोण खाता खाता रेडकाशिवायही धार द्यायला लागली, तसं रेडकू मागच्या पडवीत गेलं. त्याच्या पुढ्यात गवत टाकलेलं असायचं.

"अरे, त्याला गवत खाता येतं का अजून?" ताईनं विचारलं.

"खाईल हळूहळू."

"आणि नाही खाल्लं तर?"

भावानं बादली खाली ठेवली. "ताई, त्याला दूध सोडलं तर गिऱ्हाइकांना काय देऊ? आणि मोठा होऊन तो करणार काय? ओढकामाला रेडे आता कोण ठेवतं? सगळ्यांच्या गोठ्यात असंच चालतं. जगला तर जगला. मी काही त्याला हात लावलेला नाही."

ताई स्वतःच्या वाटणीचं दूध बाटलीत घालून, पाणी मिसळून, पडवीत न्यायला लागली. भावजयीनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ताईच्या पेल्यात थोडं जास्त दूध यायला लागलं. रेडकू आधाशासारखं प्यायचं आणि बाटली रिकामी झाली तरी ओढत राहायचं.

तेवढ्यानं भागणार नव्हतंच. त्याला हगवण लागली. बरगड्या वर आल्या, मागचे पाय मुडपले. आधी ते ओरडायचं आणि गोठ्यातून म्हैस ओ द्यायची. मग नुसतं तोंड उघडायचं, आवाज फुटायचा नाही. पलीकडे म्हैसही गप्प झाली. एका सकाळी त्याच्या खालचं ओलं पोतं बदलताना ताईला रेडकाच्या मांडीवर चट्टा दिसला. कातडी गेलेली, माश्या बसलेल्या. असे चट्टे पडलेली, अंथरुणाला खिळलेली माणसं तिनं वॉर्डात पाहिली होती. बाटली हातात धरून ती तशीच बसली. आपण याला जगवत नव्हतो, याचं मरण लांबवत होतो, हे तिला तेव्हा कळलं.

ती भावाकडे गेली. "एक तर त्याला पोटभर पाज, नाही तर सोडव."

"सोडव म्हणजे?"

तिनं पडवीकडे पाहिलं. भावाला कळलं, तसं त्यानं कानांवर हात ठेवले. "या घरात हे बोलू नकोस."

दुपारी तो दुधाचे कॅन घेऊन गेल्यावर ती बाजारामागच्या खाटकाकडे गेली. दुकान बंद करून तो ओंडका धूत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"त्याच्या अंगावर काय असणार बाई? मी नेऊन करू काय?"

"नेऊ नका. नुसतं सोडवा."

"मी धंदा म्हणून कापतो. असं दया म्हणून कधी कापलं नाही." थोडा वेळ तो हातातला ब्रश झटकत राहिला. मग सुरी फडक्यात गुंडाळून तिच्यासोबत निघाला.

पडवीत रेडकू पाहून त्यानं तोंड फिरवलं. "तुम्ही बाहेर थांबा."

"नाही. डोकं मी धरते."

तिनं डोकं मांडीवर घेतलं. रेडकानं तिचं बोट तोंडात धरलं आणि चोखायला लागलं. ते चोखत असतानाच झालं. खाटीक बराच वेळ नळाखाली हात धूत राहिला. भावजयीनं चहा विचारला, तर मानेनंच नको म्हणून निघून गेला.

भाऊ आला तेव्हा ताई पडवीतच होती. जमिनीवरचं रक्त बघून तो लहान मुलासारखा रडायला लागला.

"माझ्या घरात रक्त सांडलंस, ताई."

"ते रोज मरत होतं, सोन्या."

"मरत होतं. मी मारत नव्हतो."

"मग कोण मारत होतं?"

त्यानं बादली आणि खराटा उचलला. अंधार पडेपर्यंत तो पडवी धूत राहिला. जा, असं तो म्हणाला नाही. पण तिच्यासोबत जेवायला बसेना, तिच्या हातचं पाणी घेईना. आठवडाभरात ताईनं पिशवी भरली आणि रुग्णालयाजवळ एक खोली घेतली.

भावजय अधूनमधून यायची. एकदा हसत हसत सांगत आली, "पुन्हा नर रेडकूच झालं. पण यांनी या खेपेला त्याला चक्क दोन सडांचं दूध सोडलंय. लोक वेडे म्हणतात. गिऱ्हाइकं कुरकुरतात. आणि ते यांच्या मागे शेपटासारखं फिरतंय."

ताईला वाटलं, भाऊ आता येईल. तो आला नाही.

आला तो दीड-दोन वर्षांनी, एका संध्याकाळी. दारात उभा राहिला, आत येईना. तिनं दंड धरून आत आणून बसवला.

"मोठा झाला होता," तो म्हणाला. कोण, हे त्याला सांगावं लागलं नाही. "दावं तोडायचा. म्हशींना ढुशा द्यायचा, एकीचा पाय मोडला. फुकट न्यायलाही कुणी तयार होईना. आज नेला."

"कुठे?"

"तुझ्याच त्या माणसाकडे." तो आपल्या तळहातांकडे बघत होता. "दोरी ओढावीसुद्धा लागली नाही गं. फिरायलाच चाललोय असं समजून मागे मागे आला. त्याच्या दारात माझा हात चाटत उभा राहिला. आणि मी तो हात काढून घेतला."

ताईच्या तोंडाशी पुष्कळ आलं. पोटभर प्यायला ना, उन्हात लोळला ना, क्षणात गेला ना. यातलं काहीच खोटं नव्हतं, आणि यातलं एकही तिला बोलता आलं नाही.

"पहिल्याच्या वेळी चुकलो म्हणून याला पाजलं," तो म्हणाला. "तू मोठी आहेस. सांग ना, मी काय करायला हवं होतं?"

"मला माहीत नाही, सोन्या," ती म्हणाली.

बाहेर अंधारून यायला लागलं. मग तो दचकून उठला. धारा काढायच्या राहिल्या होत्या. ताईनं चपला घातल्या आणि त्याच्यासोबत चालायला लागली. गोठ्यात म्हशी खोळंबून ओरडत होत्या. भाऊ पहिल्या म्हशीखाली बसला, पण त्याच्या हाताला धारच येईना. तेव्हा ताईनं त्याला उठवलं, आणि त्या संध्याकाळच्या सगळ्या धारा तिनं आणि भावजयीनं काढल्या.