उकंडाची माय

जानेफळच्या सुभद्राबाईनं अफू सोडायचं ठरवलं ते लेकीच्या बाळंतपणासाठी.

भामाला पहिल्यांदाच दिवस गेले होते. डोणगावहून जावई शेषराव आला आणि ओसरीवर बसून सांगून गेला, की बाळंतपण आमच्याच घरी करू. पहिलटकरणीला माहेरी आणायची रीत सगळ्यांना ठाऊक होती. ती का मोडायची हे त्यानं सांगितलं नाही, आणि सुभद्राबाईनंही विचारलं नाही. तिनं चहाची कपबशी पुढे केली तेव्हा बशीत चहा सांडला होता आणि जावयानं मान दुसरीकडे वळवली होती. तेवढ्यावरून तिला सगळं समजलं.

तो गेल्यावर ती मळ्यात गेली. नवरा रंगराव वांग्यांच्या वाफ्याला पाणी देत होता. बांधावर उभी राहून तिनं विचारलं, "मी सोडली तं धाडतीन का ते भामाले?"

रंगरावानं फावडं थांबवलं. "सोडशीन तं मी सोता जातो सांगाले."

"मंग तुमीच ठेवा ते तुमच्याजवळ. मी मांगली तरी देऊ नोका."

लुगड्याच्या गाठीतली डबी तिनं सोडली आणि त्याच्या हातावर ठेवली.

ती सवय लागली होती उकंडा गेला तेव्हापासून. भामाच्या पाठची दोन पोरं पाळण्यातच गेली होती. म्हणून तिसरा झाला तेव्हा सासूनं त्याला उकिरड्यावर ठेवून परत उचलून घेतलं आणि नाव ठेवलं उकंडा. टाकून दिलेल्याकडे मरणाची नजर जात नाही म्हणतात. पोरगा बाळसेदार झाला. त्याला दात यायला लागले तेव्हा मळ्यात कांद्याची लागवड चालू होती. रोपं उपटून पडली होती, ती त्याच दिवशी लागायला हवी होती. तान्ह्या पोरांना कणभर अफू दुधात उगाळून द्यायची आणि झोळीत टाकून कामाला लागायचं, हे आळीतल्या सगळ्याच बाया करायच्या. सुभद्राबाईनंही सकाळी दिली. पोरगं रडायचं थांबेना म्हणून थोड्या वेळानं पुन्हा दिली. मग तो निजला. सहा वर्षांची भामा झोळीची दोरी धरून बाभळीखाली बसली होती. दुपारी आई पाजायला आली तेव्हा भामा म्हणाली, "माय, थो उठूनच नाई राह्यला."

तिला कुणी बोल लावला नाही. सासू म्हणाली, त्याचे दिवस तेवढेच होते. शेजारची गीताबाई म्हणाली, दाताचा ताप डोक्यात गेला. सुभद्राबाईला झोप लागेना, अन्न जाईना, तेव्हा त्याच सासूनं एका संध्याकाळी हरभऱ्याएवढी गोळी तिच्या तळहातावर ठेवली. ज्यानं पोरगं नेलं त्यानंच तिला झोप दिली. पुढे सासू वारली, सरकारनं अफूची दुकानं बंद केली, भामाचं लग्न झालं, पण गोळी सुटली नाही. नदीपलीकडे राहणाऱ्या म्हाताऱ्या पुंजाजीकडे ती चोरून मिळायची.

आता रंगराव रोज सकाळी डबीतून गोळी काढून द्यायचा आणि दर आठवड्याला ती थोडी बारीक करायचा. तुरीएवढी झाली तोवर तिनं निभावलं. मुगाएवढी झाली तेव्हा हाडं दुखायला लागली. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहायचं, जांभयांनी जबडा आखडायचा, थंडी नसताना अंगावर काटा यायचा. ती घोंगडीखाली पडून नवऱ्याला शिव्या द्यायची. तो ऐकून घ्यायचा आणि भाताची पेज आणून समोर ठेवायचा. मोहरीएवढी झाली, आणि मग एका सकाळी डबी रिकामी निघाली.

अंगाचं दुखणं हळूहळू ओसरलं. पण इतकी वर्षं निजलेलं दुसरं काहीतरी आता जागं झालं. कुणाचंही लेकरू रडलं की तिची छाती धडधडायची, हात गार पडायचे. विहिरीवर पाण्याला गेली की बाया आपल्याबद्दलच बोलतात असं वाटून ती अर्धी घागर घेऊन परत यायची. एकदा तिनं नवऱ्याला सांगितलं, "मी अमलात होती तवा उकंडा निजलेला रायचा. आता रोज येते थो."

दुसऱ्या दिवसापासून रंगराव तिला मळ्यात सोबत न्यायला लागला. तो मोट हाकायचा आणि ती बारे द्यायची, चिखलानं पाणी अडवायची, सोडायची. हात चिखलात असले की त्यांचं कापणं दिसत नव्हतं. छाती भरून आली की ती वाफ्यात बसून मेथीतलं गवत उपटायची. गवत संपलं तरी उपटत राहायची. कधी त्यानं बरं वाटायचं, कधी नाही.

रंगराव डोणगावला जाऊन आला. शेषरावाच्या आईला, सरस्वतीबाईला, त्यानं काय सांगितलं कोण जाणे. पण दिवाळी झाल्यावर भामा माहेरी आली. मोटारीतून उतरली आणि आईकडे बघतच राहिली.

"माय, तुह्या डोयात पाणी दिसते आता," ती म्हणाली. "आंधी काईच नव्हतं दिसत."

थंडीत ती मोकळी झाली. मुलगा झाला. नाव ठेवलं नारायण. सुभद्राबाईनं लेकीसाठी डिंकाचे लाडू केले, शेक दिला, अंग रगडलं, कपडे धुतले. बाळाला मात्र ती हात लावत नव्हती. अंघोळ घालायला गीताबाईला बोलवायची आणि स्वतः गरम पाणी ओतायची. भामा अंघोळीला गेली की बाळाजवळ बसायला रंगरावाला मळ्यातून बोलावून घ्यायची.

भामाच्या ते ध्यानात आलं. एका सकाळी तिनं बाळ उचललं आणि आईच्या मांडीवर ठेवलं.

"माह्या हातात कंप आहे, बाई."

"राहू दे. मी बसली न इथीच."

सुभद्राबाईनं त्याला धरलं. तिचे हात कापले, पण बाळाला काही झालं नाही. त्यानं तिचं बोट मुठीत पकडलं आणि जांभई दिली. त्यानंतर ती त्याला घ्यायला लागली. आधी भामा समोर असताना, मग ती स्वयंपाकघरात असताना.

मग बाळाचं पोट दुखायला लागलं. सलग दोन रात्री तो किंचाळत होता. भामाला डोळा लागला नव्हता. गीताबाई आली, बाळाचं पोट चाचपून म्हणाली, "कणभर उगाळून द्या वो. दोघंबी निजतीन."

"ह्या घरात त्याचं नाव काढू नोका, गीताबाई," सुभद्राबाई म्हणाली. तिचा आवाज इतका वेगळा होता, की गीताबाई उठून निघून गेली.

दुपारी भामा बसल्या जागी कलंडली आणि झोपून गेली. बाळ रडायला लागलं. सुभद्राबाईनं चुलीपाशी पाय लांब करून त्याला पायांवर घेतलं. एरंडाचं पान तव्यावर गरम केलं, तेल लावून त्याच्या पोटावर शेकलं. पाय दुमडून दुमडून हलवले. छाती धडधडत होती, पण ती करत राहिली. खूप वेळानं बाळाचा वारा सरला, चेहरा मोकळा झाला, आणि तो गाढ झोपला. तिनं त्याला झोळीत ठेवलं आणि तिथेच उभी राहिली. त्याचं पोट खालीवर होताना पाहत राहिली. आपल्या हातांनी एक लेकरू शांत झालं, या आनंदानं तिला रडू आलं. ते आवरून ती अंगणात मेथी निवडायला बसली.

घरातून आवाज आला तेव्हा ती सुपासकट उठली. भामा जागी झाली होती. बाळाला झोळीतून उचलून त्याचे तळपाय थोपटत होती, गालांवर हळू चापट्या मारत होती. बाळानं डोळे किलकिले केले आणि रडायला सुरुवात केली. भामाचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय देल्लं त्याले?"

"एरंडाचं पान शेकलं पोटाले. निजला मंग."

"माय, खरं सांग."

"काई नाई देल्लं, बाई."

भामानं खाली वाकून बाळाच्या तोंडाचा वास घेतला.

तिथं दुधाचाच वास होता. तो कळताच भामा बाळाला छातीशी धरून रडायला लागली. "माय, मी भेली वो. झोपेतून उठली अन् थो इतका गुमान... मले त्या बाभयीखालचं दिसलं. मी काऊन असं इचारलं तुले."

"तू बराबर केलं," सुभद्राबाई म्हणाली. "आईनं वास घ्यावाच."

तिनं मेथी निवडून संपवली, धुतली, चिरून ठेवली. मग मळ्यात जाऊन येते म्हणाली. मळ्याची वाट आली तरी ती वळली नाही. सरळ नदी उतरून गेली.

पुंजाजी उन्हात बसला होता. त्यानं तिला ओळखलं, आत गेला आणि गोळी आणून दिली. सवय तुटल्यावर पहिल्यासारखी मोठी घेऊ नये, एवढंच तो म्हणाला. तिनं अर्धी मोडून तोंडात टाकली. तो कडू रस गळ्याखाली उतरला. ती नदीच्या काठावर दगडाला टेकून बसली. थोड्या वेळानं छातीतली धडधड बंद झाली. हातांचं कापणं थांबलं. उकंडा निजला.

ऊन होतं तोवरच ती घरी परतली. अंगणात तुळशीजवळ थांबली, पायरी चढली नाही. भामा बाळाला पाजत उंबऱ्याशी बसली होती. रंगराव बैलांना वैरण टाकून नुकताच आला होता.

"भामे," ती म्हणाली, "मी खाल्ली. तू इचारलं तवा नव्हती खाल्ली. आता खाल्ली. लेकराले माह्याजवळ देऊ नोको."

भामा उठली. "माह्यामुळं झालं हे."

"नाई, बाई. तुह्यामुळं नाई. हे आंग माह्यं आहे."

रंगराव खांबाला धरून उभा होता. त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि पुन्हा गोठ्यात गेला.

सव्वा महिना पुरा व्हायच्या आत शेषराव न्यायला आला. भांडण झालं नाही. घरी लेकराकडे बघायला माझी आई आहे, असं तो म्हणाला आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. भामाची ओटी गीताबाईनं भरली. सुभद्राबाई चुलीपाशी बसून होती. भामा आत आली, आईच्या पायांवर डोकं ठेवून बराच वेळ तशीच राहिली. सुभद्राबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. बाळ बाहेर बापाजवळ होतं. ते आत आणलं नाही.

त्यानंतर सुभद्राबाईनं मळ्यात जाणं सोडलं. डोकं धुतलं नाही, दिवसदिवस चूल पेटवली नाही. पुंजाजीकडे मात्र जाऊन यायची. रंगराव भाकरी भाजायचा, तिच्यापुढे ठेवायचा, आणि ती तशीच झाकून ठेवायची.

एक दिवस तो मळ्यातून भर दुपारी घरी आला आणि तिच्यासमोर बसला.

"पुन्हा सोडाचं चालू करू. मी बारीक करून देत जाईन."

"आता कोणासाठी?"

तो जमिनीकडे पाहत होता. मग म्हणाला, "उकंडाले तू दुसऱ्या खेपेले देल्ली, तवा मी मोटेवर होतो. मले दिसलं. सकाळी देल्ली होती हेबी मले ठावं होतं. रोपं सुकून राह्यली होती, म्हून मी बोललो नाई."

सुभद्राबाईनं त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं एका घरात राहून त्यानं हे कधी तोंडातून काढलं नव्हतं. तिला वाटलं, आपल्याला राग यायला हवा. पण राग आला नाही. म्हातारा होत चाललेला तो माणूस तिथे बसून ढसाढसा रडत होता आणि त्याला कसं थांबवावं हे तिला कळत नव्हतं. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. मग उठून चूल पेटवली.

तिनं पुन्हा सोडायला घेतलं. होळीच्या सुमाराला एकदा ती पुन्हा नदी उतरून गेली आणि परत येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, उद्या परत धरू. पावसाळ्यापर्यंत ते साधलं. रडणं ऐकलं की छाती अजून धडधडायची. ते काही गेलं नाही. उकंडाही यायचा. आता तो आला की ती रंगरावाला सांगायची, आणि दोघंही त्याच्याबद्दल थोडं बोलायची. कसा हसायचा, कुणासारखा दिसायचा.

दिवाळीत शेषराव आणि भामा एका दिवसासाठी आले. नारायण भिंतीला धरून उभा राहायला लागला होता. आजीला तो ओळखत नव्हता, पाहताच आईच्या मानेत तोंड लपवलं. भामानं त्याला खाऊ घातलं, खेळवलं, आणि डोळे मिटायला लागल्यावर हळूच सुभद्राबाईच्या मांडीवर ठेवलं. मग स्वतः गुडघ्याला गुडघा लावून समोर बसली. रंगरावानं जेवायला हाक मारली तरी ती उठली नाही. तिनं एक हात लेकराच्या छातीवर ठेवला आणि तो तिथून काढला नाही.

"भामे, जेऊन घे."

"बसतो न माय थोडी."

सुभद्राबाईला त्या हाताचा अर्थ कळत होता. तिनं पोराच्या केसांवरून एकदा हात फिरवला आणि पाय बधिर झाले तरी मांडी हलवली नाही.

दुपारच्या मोटारीनं ते परत गेले. राहा म्हणायला सुभद्राबाई दोनदा तोंड उघडून गप्प बसली होती.