फोन तुझ्याकडे फिरव

दवाखान्यातून घरी सोडताना नर्सने मला बजावलं होतं, "बाळंतपण झालं म्हणजे सुटलीस असं नाही. पुढचे काही आठवडे रक्तदाब चढू शकतो. डोकं फार दुखलं, चेहरा-हात सुजले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर वाट बघायची नाही, थेट इकडे यायचं." मी मान डोलावली. माझं लक्ष तिच्या मागे, लेकीला दुपट्यात गुंडाळणाऱ्या दुसऱ्या नर्सकडे होतं. ती मान नीट धरते आहे ना, एवढंच मी बघत होते.

आई थोडे दिवस राहिली आणि तिच्या गुडघ्यांनी हात टेकले तशी परत गेली. नवऱ्याची रजा संपली. तो सकाळी जायचा तो दिवेलागणीला उगवायचा. घर नवं, इमारत नवी, शेजार म्हणजे बंद दारं आणि दारांबाहेरच्या चपला. दिवसभर बोलायला ही एवढीशी लेक, आणि तिचा एकच सूर.

व्हिडिओ कॉल मात्र सारखे यायचे. सासूबाई, मावशी, कॉलेजच्या मैत्रिणी.

"आधी तिला दाखव."

मी फोन लेकीवर धरायची.

"अगं बाई, नाक थेट आजोबांचं."

"आजोबांचं नाक इतकं बरं कधी होतं?"

तिकडे हशा पिकायचा. मी फोनच्या मागे उभी. दूध पिते ना, शी करते ना, झालं तर मग. फोन बंद. लेकीच्या शीचा रंग चार गावांना ठाऊक होता. माझं डोकं ठणकतंय हे कुणालाच नव्हतं. मी सांगितलंही नाही. जागरणाचं आहे, हे मीच ठरवून टाकलं. अंगठी बोटात रुतायला लागली तेव्हा वाटलं, सुटलोय आपण, दुसरं काय.

एका दुपारी नणंदेचा फोन आला. तिच्या जिभेला हाड नाही, त्यामुळे मी तिला जरा टरकूनच असते. नेहमीसारखी लेक दाखवली.

"कळलं, सुंदर आहे. माझी भाची आहे, असणारच. आता फोन तुझ्याकडे फिरव."

"नको हो ताई, केससुद्धा विंचरले नाहीत."

"माझे तरी कुठे विंचरलेत? फिरव."

फिरवला. तिने चेहरा स्क्रीनजवळ आणला.

"डोळे किती सुजलेत गं. रडलीस?"

"नाही. झोप नाही, बस."

"डोकं दुखतंय?"

"थोडंसं." आणि मग, कुणी तरी विचारलं म्हणून असेल, उरलेलं आपोआप बाहेर आलं. "ताई, मला तुमचा चेहरा नीट दिसत नाहीये. मधे मधे चमकतंय."

"बाळाला पाळण्यात ठेव. शेजारचं दार वाजव."

"मी त्यांना ओळखत नाही."

"ओळख मागाहून करून घे. जा. मी फोन ठेवत नाही."

समोरच्या दारात वर्तमानपत्र हातात धरलेले एक आजोबा उभे राहिले. "मला बरं वाटत नाहीये, घरात मी आणि बाळ, दोघीच," हे एवढं वाक्य बोलताना मला रडू फुटलं. ते काही न विचारता आत गेले आणि रक्तदाब मोजायचं मशीन घेऊन माझ्याच घरात येऊन बसले.

"हे माझ्यासारखंच म्हातारं आहे, थोडं वाढवून सांगतं," पट्टा बांधताना ते म्हणाले. आकडा आला. त्यांनी पुन्हा मोजलं. मग विनोद केला नाही.

"किती?" फोनमधून नणंद.

त्यांनी आकडा तिला सांगितला. मला नाही.

रुग्णवाहिका त्यांनीच बोलावली. नवऱ्याला नणंदेने गाठलं. गाडीची वाट बघताना पाळण्याकडे बघत आजोबा हळूच म्हणाले, "हिचा आवाज रोज येतो. मला वाटायचं, घर माणसांनी भरलेलं असेल."

"मलाही तुमचा रेडिओ ऐकू येतो," मी म्हटलं.

डॉक्टर म्हणाल्या, आणखी थांबला असतात तर झटके येऊ शकले असते. शिरेतून औषध सुरू झालं. लेक बाहेर नवऱ्याजवळ. दूध दाटून छाती दगड झाली होती, आणि भिंतीपलीकडे कुणाचं तरी बाळ रडत होतं. माझंच की दुसऱ्या कुणाचं, मला ओळखता येईना. त्या वेळी जे एकटं वाटलं, तसं घरातही कधी वाटलं नव्हतं.

आता गोळ्या चालू आहेत, आकडा उतरला आहे. त्या वॉर्डमध्ये माझ्याच वयाच्या आणखी बायका होत्या. त्यांनाही सगळे बाळाचंच विचारत होते.

तुमच्या ओळखीत कुणी नुकतीच बाळंत झाली असेल तर आज तिला फोन करा. ती "ठीक आहे" म्हणेल. तेवढ्यावर फोन ठेवू नका. डोकं दुखतंय का, नीट दिसतंय का, घरात सोबतीला कोण आहे, हे एकेक करून विचारा. आणि ती गप्प राहिली, तर जवळच्या कुणाला तरी तिच्या दारात पाठवा.