मावशीसाठी मावशी

मावशी या घरात आली ती पंधरा दिवसांसाठी. थोरल्या बहिणीचं आजारपण होतं, तीन लहान मुलं होती, म्हणून एक पिशवी घेऊन आली. त्या पंधरा दिवसांना आता एकेचाळीस वर्षं झाली. बहीण गेली. मुलांचे हाल होऊ नयेत म्हणून सगळे एकत्र बसले आणि ठरलं, की मावशीने भाऊजींशी लग्न करावं. तिला विचारलं नाही असं नाही. तारीख ठरल्यावर विचारलं होतं.

लग्नानंतर तीन वर्षं नवऱ्याला हाक मारताना तिच्या तोंडून 'भाऊजी'च निघायचं. मुलांच्या तोंडी 'मावशी' होतं, ते तसंच राहिलं. सासूबाईंनी तसा निकालच दिला होता, "आई ती आई. उगाच पोरांचा गोंधळ नको." गोंधळ झाला नाही. मावशीने सासूबाईंचा अर्धांगवायू सात वर्षं काढला. मग सासऱ्यांचा दमा, थोरल्याची ऐन परीक्षेतली कावीळ, मुलीची दोन बाळंतपणं आणि शेवटी भाऊजींचं अंथरूण. घरात काही कार्य असलं की कुणीतरी उठून म्हणायचं, "मावशी नसती तर आमचं काय झालं असतं?" लोक टाळ्या वाजवायचे. तेव्हा मावशी आत कप विसळत असायची.

मग मावशीच्या गुडघ्याने संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, पाच दिवस दवाखान्यात राहा. मावशीने त्यावर दोन दिवस विचार केला आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. मुलीला म्हणाली, "मी शुद्धीवर येईन ना, तेव्हा तुमच्यापैकी कुणीतरी उशाशी असा गं. बाकी काही नको."

लगेच बैठक बसली. मावशीचं प्रकरण असल्याने चहा मावशीनेच केला. थोरल्याच्या ऑफिसात नेमका तोच आठवडा महत्त्वाचा होता. त्याच्या ऑफिसात बिनमहत्त्वाचा आठवडा कुणी पाहिला नव्हता. मुलीच्या घरी रंगकाम निघालं होतं. सुनेला दवाखान्याच्या वासाने मळमळायचं. धाकटा परगावाहून फोनवर म्हणाला, "मी मनाने तिथेच आहे." मनाने सगळेच तिथे होते. उशाशी बसायला तेवढं शरीर लागत होतं, ते पगारी आणायचं ठरलं.

मुलीने तिथूनच एजन्सीला फोन लावला. "आम्हाला मावशीसाठी मावशी हवी आहे."

"तुमची मावशी आजारी आहे का? मग बदली पाठवतो."

"नाही हो, ही मावशी आमच्या घरातलीच आहे."

"म्हणजे चोवीस तासांची ना?" पलीकडचा माणूस म्हणाला. मावशी कप गोळा करत होती. तिने शेवटची बशी उचलली आणि आत गेली.

ऑपरेशन झालं. मावशीने डोळे उघडले तेव्हा उशाशी एक अनोळखी, जाडजूड बाई पेपरमधलं शब्दकोडं सोडवत बसली होती. "जाग आली का, आजी?" तिने विचारलं. मावशीला रडू आवरेना. सिस्टरला वाटलं गुडघा दुखतोय, म्हणून तिने इंजेक्शन दिलं.

पगारी मावशी स्वभावाने चांगली होती. अडचण एकच होती. सिस्टरने दारातून "मावशी, भांडं द्या" म्हटलं, की पेशंट मावशी ऑपरेशन झालेला पाय पलंगावरून खाली सोडायची. दुसऱ्या दिवशी तर ती शेजारच्या खाटेपर्यंत पोचली होती. तिघांपैकी दोघं येऊन गेली. दहा-दहा मिनिटं बसली, तिच्यासोबत फोटो काढले, आणि 'आमची खंबीर मावशी' म्हणून ते सगळ्यांना पाठवले. मावशी रोज दाराकडे तोंड करून झोपायची. पाचही दिवस.

घरी जायच्या दिवशी पगारी मावशीची वेळ बाराला संपली आणि ती दुसऱ्या पेशंटकडे गेली. थोरल्याने ड्रायव्हरसकट गाडी पाठवली होती. काउंटरवरच्या कारकुनाने एक कागद पुढे केला. 'घरी गेल्यावर या रुग्णाची संपूर्ण काळजी मी घेईन.' खाली सही आणि रुग्णाशी नातं. "घरचं कुणी आहे का, आजी?"

मावशीने थोरल्याला फोन लावला.

"अगं, मी मीटिंगमध्ये आहे. मावशीला सांग ना सही करायला," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मावशीने फोन पिशवीत ठेवला. मग तिने चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला, सही केली, आणि नात्यापुढे लिहिलं, 'मावशी'.

कारकून बुचकळ्यात पडला. "पेशंट कोण?"

"मी."

"आणि मावशी?"

"मीच."

"असं चालत नाही, आजी."

"आमच्याकडे चालतं," मावशी म्हणाली. मागे रांग ताटकळली होती. कारकुनाने शिक्का मारून टाकला.

आता, मावशीने हाती घेतलेला पेशंट आजवर कधी अर्धवट सोडला नव्हता. घरी येताच तिने आपल्या खोलीच्या दारावर कागद चिकटवला: सातला चहा, आठला व्यायाम, दुपारी दोन ते चार झोप, आवाज नको. सकाळी सून डोकावली. "मावशी, डबे कुणी भरायचे?" मावशी शांतपणे म्हणाली, "पेशंटला सोडून मला उठता येत नाही गं. सही केलीय मी." दुपारी मुलीचा फोन आला. तिच्या सासूचा पाय मुरगळला होता, चार दिवस येशील का? "सध्या माझ्याकडे पेशंट आहे," मावशी म्हणाली. मुलीने संध्याकाळभर नातेवाइकांना फोन करून विचारलं, की मावशीकडे पेशंट कोण आहे.

घराची पार दैना झाली. थोरला दोन दिवस चुरगळलेला शर्ट घालून ऑफिसला गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, चहा घेऊन, तो स्वतः तिच्या खोलीत आला. चहात साखर नव्हती.

"मावशी, किती दिवस चालणार हे?"

"दुखणं जुनं आहे रे. वेळ लागेल." तिने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं नाही. "असा ताटकळत उभा राहू नकोस. बस."

तो इकडेतिकडे बघायला लागला. खोलीत खुर्चीच नव्हती. एकेचाळीस वर्षांत तिथे बसायला कुणी आलंच नव्हतं. थोरला खाली मान घालून बाहेर गेला. गेला, मावशीच्या मनात आलं, आणि तिने कप खाली ठेवला.

तो जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलून घेऊन आला. दाराशीच ठेवून बसला.

"तिथे नको," मावशी म्हणाली. "उशाशी घे."