बार्लोचा खांदा, सईचा खांदा

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो. हसू नका. बॅटरीने केव्हाच राम म्हटला आहे, पण स्मरणशक्ती अजून ठणठणीत आहे. कारखान्यातून निघून मी मुलुंडला अनुपमाताईंच्या घरी आलो, तेव्हा काय माझा थाट होता! ऑफिसचे काम आटोपले की त्या माझ्यावर बेसबॉलचा एक खेळ खेळत. जुन्या काळातले खेळाडू निवडायचे, संघ बांधायचा आणि वर्षामागून वर्षे स्पर्धा खेळवायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे त्या माझे कौतुक करीत. मग घरात नवा लॅपटॉप आला आणि माझी रवानगी कपाटावर, जुन्या चादरींखाली झाली. फार वाईट वाटले.

यंदा त्यांच्या भाचीने, सईने, मला खाली काढले. सई शाळेच्या सॉफ्टबॉल संघाची पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी. तिचा खांदा दुखावला. डॉक्टरांनी व्यायाम दिले, पुन्हा खेळशील असेही सांगितले. पण तिने कंटाळून व्यायाम सोडले आणि मैदानाचे नावही टाकले.

माझ्यावर मात्र तिने आत्याचा तोच जुना खेळ सुरू केला आणि बार्लो नावाचा पिचर संघात घेतला. खऱ्या आयुष्यात ऐन तारुण्यात त्याचा खांदा गेला होता. सईने त्याला जिवापाड जपले. मोजके सामने दिले, भरपूर विश्रांती दिली, चांगला प्रशिक्षक नेमला. तरी खेळातले नवे वर्ष उजाडले की त्याची ताकद घसरलेलीच.

"वाट लागली ना त्याची! काहीही केलं तरी तेच, आत्या. माझंही तसंच होणार." तिचे डोळे भरून आले. मला बोलता येत नाही याचे इतके दुःख कधी झाले नव्हते.

अनुपमाताई शेजारी येऊन बसल्या. "अगं वेडे, सेटिंग बघितलंस का? माझंच जुनं आहे ते. दरवर्षी हा खेळ बार्लोच्या खऱ्या कारकिर्दीचे आकडे काढतो आणि तेवढीच ताकद त्याला देतो. तुझ्या मेहनतीकडे ढुंकूनही बघत नाही."

"मग?"

"ते बंद कर. मग वय, सराव, विश्रांती आणि थोडं नशीब, यावर तो वाढेल नाहीतर घसरेल."

"म्हणजे बरा होईल?"

"ते नाही गं सांगता येत. पण तू केलेलं धरलं तरी जाईल."

सईने सेटिंग बदलले. बार्लो थोडा सुधारला, पुन्हा घसरला, मग सावरला. फार मोठा काही झाला नाही. पण सई आता पुढच्या वर्षाची वाट बघू लागली. एका दुपारी चालू सामना तसाच टाकून ती उठली. "आत्या, ते व्यायामाचं रबर कुठे ठेवलंयस गं?"

मला असे अर्ध्यावर सोडून कुणी गेले, तर एरवी मी रुसलो असतो. त्या दिवशी आनंदाने माझा पंखा घरघरू लागला.

हल्ली सई मैदानावर जाते. अजून हळूच फेकते. मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांची धूळ कधीमधी पुसलीत, तर बरे वाटते. आमच्यात झाल्या गोष्टी साठवलेल्या असतात, त्या जपा. पण तुमचे पुढे काय होणार, ते आम्हाला विचारू नका. आणि सईला हाक मारून माझ्यासाठी थांबवू नका. मी काय, पडून राहीन. आधी तिचा खांदा.