अहो श्रीरंगराव, बसा

माझा जावई बसतो. लोकांचे जावई सॉफ्टवेअर लिहितात, गाड्या डिझाइन करतात, आमचे श्रीरंगराव बसतात. इथे जर्मनीत, बॉबलिंगेनच्या मराठी मंडळात कुणी विचारलं की मी सांगते, "कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचे असिस्टंट कोच आहेत." समोरची बाई "अय्या, हो का" म्हणते आणि बटाटेवड्यांकडे वळते. अस्सं डोकं फिरतं माझं!

चांगली आयटीतली नोकरी सोडून या माणसाने कोचिंगचं लायसन्स काढलं. आधी शाळेतली चिल्लीपिल्ली शिकवली, मग कॉलेजच्या टीमच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या, मग मॅचचे व्हिडिओ कापून दिले. एवढं करून पोचले कुठे, तर डीटरच्या शेजारच्या खुर्चीत. डीटर म्हणजे मुख्य कोच. सगळी आखणी श्रीरंगरावांची, आणि मॅचभर उभा राहून बोंबलणार हा.

"ते का गं उठत नाहीत कधी?" मी लेकीला, ईप्सिताला विचारलं.

"आई, एका वेळी एकच कोच उभा राहू शकतो. असिस्टंट उठला तर फाउल, आणि तो लागतो मुख्य कोचच्या नावावर. असे तीन झाले की तो बाहेर."

"मग टीम कोण सांभाळतं?"

"श्रीरंग. का गं?"

"सहज विचारलं."

मग तिने खरं काय ते सांगितलं. डीटर या सीझननंतर रिटायर होणार होता. कॉलेजच्या कमिटीच्या डोक्यात म्युनिकचा कुणीतरी होता, कारण श्रीरंगरावांनी म्हणे एकही मॅच स्वतः चालवलेली नाही. आता शनिवारची शेवटची. जागा मिळाली नाही तर परत आयटीत जाईन, असं श्रीरंगराव तिला हसत हसत म्हणाले होते. सांगताना पोरीचे डोळे भरून आले. मला तर असा संताप आला! अरे, चालवू द्याल तर चालवेल ना माणूस!

आता श्रीरंगरावांची एक खोड सांगते. कोल्हापूरचं वळण. मी खोलीत आले की हे ताडकन उभे राहतात. तोंडात पोह्यांचा घास असू दे, पायात एकच मोजा असू दे, सासूबाई आल्या की उभे. "अहो, बसा, बसा" म्हणून म्हणून माझं तोंड दुखतं. ईप्सिता हसते, पण ती सवय काही जात नाही.

शनिवारी मी ठेवणीतली साडी नेसून वर गॅलरीत बसले. डीटरला पहिला फाउल लागला आरडाओरडा केल्याबद्दल, दुसरा बेंचवरच्या एका पोराने बाटलीला लाथ मारल्याबद्दल. श्रीरंगरावही एकदा खुर्चीतून अर्धे उठले, तेव्हा पंचबाईंनी त्यांना बोट दाखवून दम भरला. शेवटची काही मिनिटं उरली आणि आपली टीम मागे.

मी पर्स उचलली.

"कुठे निघालीस?" ईप्सिता म्हणाली.

"टॉयलेटला."

"ते इकडे, मागे आहे!"

"मला खालचं बरं वाटतं."

जिना उतरला की समोरच बेंच. मी पदर सारखा केला, श्रीरंगरावांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि खाकरले. त्यांनी मान वर केली. झालं! मुंज्या मुलासारखे ताठ उभे.

शिट्टी वाजली.

डीटरने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंड बिटासारखं लाल. जाता जाता तो जे काही बोलला ते जर्मनमध्ये होतं, त्यामुळे मला लागलं नाही. श्रीरंगराव पांढरेफटक पडले आणि सवयीने पुन्हा खाली टेकायला लागले.

"अहो, बसताय काय!" मी ओरडले. "टीम आता तुमची आहे!"

मग मात्र त्यांनी टाइमआउट घेतला. आवाज चढवला नाही, पोरांना जवळ घेऊन दोन-चार वाक्यं बोलले. ती पोरं अशी काही पळायला लागली की मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नसताना मी टाळ्या पिटत होते. जिंकलो! थोडक्यात, पण जिंकलो. कमिटीतले दोघे उठून श्रीरंगरावांचा हात हातात घेत होते, आणि वर ईप्सिता हुंदके देत होती.

गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "आई, तुम्हाला नियम माहीत होता?"

"मला बाई काय कळतंय त्यातलं?"

"ईप्सिता म्हणाली, तुम्ही टॉयलेटला निघाला होतात. तिकडे खाली टॉयलेटच नाहीये, आई."

"मग काय, परत फिरले."

पुढच्या आठवड्यात एके सकाळी कमिटीचा फोन आला. मी स्वयंपाकघरात गेले तर श्रीरंगराव पोहे खात होते, डोळे ओले. मला पाहताच ताडकन उभे राहिले. "आई, जागा मिळाली," एवढंच कसंबसं म्हणाले.

मी सवयीने तोंड उघडलं, आणि मिटलं. राहू देत उभे. पुष्कळ बसून झालंय त्यांचं.