वला केलेला पाट

माझ्या हातानं आमच्या गावचं तळं जायची येळ आली व्हती. दुसरं कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगते.

आमचं गाव हुणसकेरी. मन्नाएखेळ्ळीची सडक सोडली की दीड कोस आत. पोलीस ॲक्शन होऊन सहा वर्सं झाली व्हती. राज्य हैदराबादचंच व्हतं, पण आता लोकांनी निवडून दिलेली माणसं विधानसभेत बसायची. आमच्याकडून माणिकप्पा गेलेला. माणूस सरळ, पण एकदा बोलायला लागला की आवरायचा न्हाई. घरात त्याची बायको वैतागायची. विधानसभेत मात्र तेच कामाला आलं.

गावाला तळं एकच. तळ्याच्या बांधात खाली दगडी भोक असतंय, त्याला आमच्याकडं तूब म्हणतेत. तुबाचा लाकडी खुंटा वर वढला की पाणी पाटात येतंय अन् पाटातून रानात जातंय. खुंटा वढायचा, कुणाला किती येळ पाणी ते ठरवायचं, हे काम नीरगंटीचं. ते आमच्या घराकडं पिढ्यान् पिढ्या. धन्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतंय, पण पुढं ते सरकारी कागदात आलंच, मग मीच कामून लपवू? शिवशरण. चाकरीपोटी आम्हाला दोन एकर रान व्हतं, ते पाटाच्या पार शेवटाला. नीरगंटीनं सगळ्यांचं भिजल्यावर आपलं भिजवायचं, अशी रीत. लगीन होऊन आले तवा मी सासूला इचारलं व्हतं, ही रीत कुण्या शहाण्यानं काढली? सासू आठ दिवस माझ्याशी नीट बोलली न्हाई.

ॲक्शनच्या पावसाळ्यात बांध खचला अन् जुना तूब ढासळला. चार वर्सं अर्जावर अर्ज झाले. मग पाटबंधारे खात्याची माणसं आली, नवा तूब बसवून गेली. पण बसवला कुठं, तर जुन्याच्या पुरुषभर वर. धनी गवंड्याला म्हणले, "अण्णा, जुना दगड खाली हाय बघा." गवंडी म्हणला, "नकाशात इथंच हाय." झालं. तवापासून तळं काठोकाठ भरलं तर चार दिवस पाणी यायचं, मग बंद. चैतात तळ्यात छातीएवढं पाणी अन् बांधाच्या खाली कांदा वाळायलाय. माझा तर जीव जळायचा. रोज बघायचं अन् गप घरी यायचं.

माणिकप्पानं हे विधानसभेत इचारलं. मंत्र्यांचं उत्तर आलं ते त्यानं आम्हाला पारावर वाचून दाखवलं. उत्तर असं, की हुणसकेरीचा तूब दुरुस्त झालेला हाय, पाटाला पाणी जातंय, गावच ते घेत न्हाई. सबब हे तळं जास्तीचं. अधिक धान्य पिकवायचं सरकारचं धोरण हाय, तवा बांध फोडून तळ्याची काळी जमीन नांगराखाली आणावी. आयकून माझं टाळकंच फिरलं. मी म्हणलं, हे लिव्हणाऱ्याला एक दिवस माझ्याकडं पाठवा, मी त्याला जेवू घालते अन् मग तळ्यात उभा करते.

माणिकप्पा विधानसभेत उठून तीन येळा उलटं बोलला. मंत्री म्हणले, खात्याचा अहवाल हाय. हा म्हणला, अहवाल खोटा हाय. आरडाओरड झाली. शेवटी ठरलं, सभेतल्या पाच जणांची समिती हुणसकेरीला जाईल अन् आपल्या डोळ्यानं बघील. पाट वाहता दिसला तर मंत्र्यांचं खरं अन् तळं फुटणार. पाट कोरडा दिसला तर आमचं खरं. एवढी सोपी गोष्ट व्हती.

माणिकप्पानं सांगावा धाडला, समिती सोमवारी येणार, जे जसं हाय तसं राहू द्या, कशाला हात लावू नका. आम्ही म्हणलं, बरं.

अन् सोमवारी सकाळी काय केलं, तर पाट वला केला.

आता तुम्ही हसाल. पण आमच्याकडं रीत अशी, की तळ्यावर पाव्हणा आला तर त्याला कोरड्या पाटाकडंनं न्यायचं न्हाई. नवी नवरी असो, मठाचे स्वामी असोत, आधी गंगम्माची पूजा करायची, बायांनी तळ्यातून घागरी भरून आणायच्या अन् तुबाच्या तोंडाशी पाटात वतायच्या. पहिली घागर नीरगंटीच्या बायकोची. दारात सडा घालतो तसंच ते. सडा घातला म्हणून कुणी घर बदललं म्हणतंय का? माणिकप्पाचा सांगावा ध्यानात व्हता, पण पाट वला करणं म्हणजे कशाला हात लावणं, हे गावात एकाच्या बी डोक्यात आलं न्हाई. हैदराबादहून एवढे मोठे पाव्हणे येणार म्हणून मीच घरोघर सांगत फिरले. शेजारची राजूबाई म्हणली, "अक्का, दोन दोन घागरी बास हायत." मी म्हणलं, "पाच पाच आण, नाक कापून घ्यायचंय का?" चाळीस बाया, दोनशे घागरी. पाटात घोट्याएवढं पाणी झालं, अन् रानाकडं वाहायला लागलं. मला वाटलं, किती चांगलं दिसायलंय.

दोन जीपगाड्या आल्या. समितीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, एक म्हातारे वकील व्हते, पांढरी शेरवानी, हातात काठी. दख्खनीत बोलायचे. सोबत खात्याचे इंजिनेर. माणिकप्पा मागच्या गाडीतून उतरला, पाटाकडं बघितलं अन् जागीच थांबला. त्याचं तोंड मी बघितलं. तवा कळालं मला, काय केलं ते.

इंजिनेर हसून म्हणले, "देखिए साब, पानी चल रा." सदरांनी मान हलवली, वही काढली, लिव्हायला लागले.

पाटील चनमल्लप्पा माझ्या शेजारी उभे व्हते. मी म्हणलं, "अप्पा, सांगा की त्यांना." ते हळूच म्हणले, "काय सांगू बसव्वा? पूजेचं पाणी खोटं हाय म्हणू, पाव्हण्यांसमोर? गावाची अब्रू हाय का न्हाई?" सगळी माणसं खाली बघायलीत. आमचे धनी दूर बांधावर, खुंट्यापाशी. अन् त्या म्हाताऱ्याचा टाक वहीवर चाललेला. मला वाटलं, आता हा वही मिटणार अन् गाडीत बसणार, अन् आमचं तळं जाणार, अन् ते मी घालवलेलं असणार.

मी पदर खवचला अन् पुढं झाले. म्हणलं, "साहेब, लिव्हू नका. हे पाणी तळ्यानं दिलेलं न्हाई. हे आमच्या डोक्यावरचं हाय. आम्ही वतलंय."

पाटील मागून "बसव्वा" म्हणले, मी आयकलं न्हाई. इंजिनेर म्हणले, हे गाव असंच हाय, पाणी दिसलं तरी न्हाई म्हणतेत. सदरांनी चष्म्यातून माझ्याकडं बघितलं. "अम्मा, सबूत क्या है?"

मी म्हणलं, "घटकाभर बसा. आमचं असलं तर आटून जाईल. सरकारचं असलं तर वाहत राहील."

सदरांनी घड्याळ बघितलं. इंजिनेर म्हणले, मन्नाएखेळ्ळीच्या बंगल्यावर जेवण तयार हाय, उशीर होईल. मी म्हणलं, "जेवण इथं हाय. हुग्गी केलीय. पाव्हण्यानं न जेवता गाव सोडायचं न्हाई आमच्यात." म्हातारे हसले, चिंचेखाली घोंगडी टाकली व्हती तिथं बसले. मग मी चुलीकडं गेले. हुग्गी तर झालेली व्हती. राजूबाई ताटं मांडायली. मी तिचा हात धरला अन् चुलीतली लाकडं बाहेर वढली. म्हणलं, "कच्ची हाय म्हण." ती म्हणली, "अगं अक्का, शिजून चांगली..." मी म्हणलं, "कच्ची हाय." असलं खोटं मी जन्मात पहिल्यांदा बोलले, अन् ते बी गव्हाच्या खिरीवरून.

ऊन कडक व्हतं. पाच जण चिंचेखाली, अन् त्यांच्या पुढ्यात पाट. इंजिनेर दोनदा येऊन इचारून गेले. दोनदा सांगितलं, होतंय, होतंय. पाटातलं पाणी आधी पुढं सरकायचं थांबलं. मग खाली बसलं. मग नुसता चिखल उरला अन् त्याच्यावर माश्या. सदर स्वतः उठले, काठी पाटात रवून बघितली, मग बांधावर चढले. आम्ही सगळे मागून.

धन्यांनी खुंटा वर वढला. काही आलं न्हाई. धोतर खवचून ते खुंट्याखाली तळ्यात उतरले, वेळूची काठी लावून माप घेतलं अन् खालूनच सांगितलं, "साहेब, भोक इथं, पाणी त्याच्या खाली दीड हात. अन् जुनं भोक त्या खाली, अजून बी दगड हाताला लागतोय." सदर म्हणले, दाखव. धन्यांनी तळाशी बुडी मारली अन् जुन्या तुबाच्या भोकाची फुटकी दगडी चकती वर आणली. इंजिनेर दुसरीकडं तोंड करून उभे राहिले.

मला वाटलं, झालं, सुटलो. पण इंजिनेर काय कमी व्हते का? ते म्हणले, "साब, हे सगळं ठीक. पण विधानसभेच्या समितीसमोर यांनी खोटं पाणी दाखवलं. पाटातल्या थेंबाथेंबाची जबाबदारी नीरगंटीची असते, कायद्यानं."

सदर म्हणले, "पानी किसने डाला?"

मी म्हणलं, "मी. पहिली घागर माझी." राजूबाई म्हणली, "दुसरी माझी." मागून बाया बोलायला लागल्या. तेवढ्यात धनी अंगावरचं पाणी निथळत वर आले. म्हणले, "साहेब, बायांचं राहू द्या. पाटाचा जबाब नीरगंटीचा. शिवशरण लिव्हा."

म्हाताऱ्यानं दोन्ही लिव्हलं. तूब वर हाय हे बी लिव्हलं, अन् नीरगंटीनं पाट वला करू दिला हे बी. मला राग आला व्हता, पण त्यात खोटं काय व्हतं? मग ते हुग्गी जेवले, दोन येळा मागून घेतली, अन् गेले.

तीन महिन्यांनी अहवाल सभेत आला. बांध फोडायचं रद्द झालं. मंत्र्यांनी सभेत कबूल केलं, तूब जुन्या जागी बसवू. अन् पावसाळ्याच्या आधी बसला बी. त्याच महिन्यात धन्यांना खात्याचा कागद आला, समितीची दिशाभूल केल्याबद्दल नीरगंटीच्या चाकरीवरून काढलंय, चाकरीचं रान सोडावं. बाजूच्या गावचा एक माणूस खुंट्यावर आला. धन्यांनी त्याला खुंटा कसा धरायचा ते दोन दिवस शिकवलं, मग आम्ही दुसऱ्याच्या रानात कामाला जायला लागलो.

दिवाळीच्या आधी माणिकप्पा घरी आला. पिशवीतून कागद काढला. म्हणला, "बसव्वा, या बैठकीत माझ्या नावावर एकच सवाल लागलाय. एकतर शिवशरणची चाकरी इचारतो. समितीच्याच अहवालावर काढलंय, सदर बी माझ्या बाजूनं बोलतील, रान परत मिळंल. न्हाईतर दुसरं. त्याच नकाशावरनं आणखी सात गावात तूब बसवलेत. सगळे वर. ते इचारतो. तिथले बी बांध फोडायची यादी तयार व्हायलीय." कागदाला दोन पानं व्हती. "मी ठरवू शकत न्हाई," म्हणला. "तुमचं घर हाय, तुम्हीच अंगठा लावा."

धनी उंबऱ्यात बसले व्हते. मी त्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडं बघेनात. मला ते रान परत पायजे व्हतं. किती पायजे व्हतं ते सांगता येत न्हाई. ते माझ्यामुळं गेलं व्हतं अन् आता माझ्या एका अंगठ्यानं परत येत व्हतं. दुसऱ्या गावच्या बाया माझ्या कोण लागत्यात? पण मला तो वाळलेला कांदा दिसायला लागला, सात गावचा. रोज बांधावर जाऊन गप माघारी येणाऱ्या बाया दिसायला लागल्या.

मी सात तुबांच्या पानावर अंगठा लावला.

माणिकप्पा गेला. धनी उठून बाहेर गेले. त्या दिवशी बोलले न्हाईत, दुसऱ्या दिवशी न्हाई, तिसऱ्या दिवशी बी न्हाई. भाकरी वाढली की खायचे अन् हात धुवायचे. मी मागं घेणार नव्हते, अन् ते त्यांना ठाऊक व्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी धनी तोंड धुता धुता म्हणले, "त्या सातात गडीकेरीचं तळं हाय का?"

मी म्हणलं, "न्हाई वाटतं."

"तिथला तूब आपल्याहून वर हाय. मी बघून आलोय काल." पायातल्या वहाणा त्यांनी घातल्याच व्हत्या. "माणिकप्पाकडं जातो. आठ करायला सांगतो."